गेट वेल्डिंगनंतर वाकडं का झालं, आणि जोडलेल्या शाफ्टला दुसऱ्या दिवशी तडा का गेला?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. १० फुटी सरकतं गेट करून घेतलं, २ इंची चौकोनी पाईपची चौकट, पुढून १६ गेजचा पत्रा. चौकट गुण्यात होती, पण पत्रा मारल्यावर मधोमध चार सूत वाकली आणि पत्र्यालाही पोट आलं. वेल्डर म्हणतो लोखंडच हलकं. दुसरं, हेच गेट दुपारी गाईडला घासतं, सकाळी घासत नाही. तिसरं, त्याच वेल्डरने गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट जोडला आणि तो नुसता जमिनीवर ठेवलेला असताना दुसऱ्या दिवशी त्याला तडा दिसला.

मी बावीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय आणि या तिन्ही गोष्टी माझ्या हातून झालेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोखंड हलकं नाही. तापलं की लोखंड वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं. वेल्डिंगजवळचं लोखंड थंड झाल्यावर मूळ मापापेक्षा आखूड होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. तुमचं गेट त्या आखूड होण्याने वाकलं.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना कधी पाहिलं असेल तर अर्धं उत्तर तुमच्याकडे आहेच. लोहार धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी कडी, मुद्दाम चाकापेक्षा लहान करतो, गोवऱ्यांच्या आरात चांगली तापवतो, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतो आणि लगेच पाणी मारतो. पाच फुटी चाकाचा घेर पावणेपाच मीटरच्या आसपास. ४०० अंशांनी तापली तर ती धाव जवळपास इंचभर वाढते, आणि गार होताना तेवढंच आवळते. आरे कुरकुरत तुंब्यात घुसतात, सांधे मिटतात. ना खिळा, ना बोल्ट, सगळं चाक त्या ओढीवर वर्षानुवर्षं टिकतं. लोहार ही ओढ मुद्दाम आणतो. वेल्डिंगमध्ये ती न बोलावता येते.

फरक एवढाच की धाव आख्खी तापते, त्यामुळे तिला मोकळेपणी वाढता येतं. वेल्डिंगमध्ये फक्त एक अरुंद पट्टा तापतो. रॉडखालचं लोखंड १५०० अंशांच्या आसपास वितळतंय आणि हातभर अंतरावर तोच पाईप गार आहे. तापलेला पट्टा लांब व्हायला बघतो, पण आजूबाजूचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही. ६०० अंशांना साध्या लोखंडाची ताकद निम्म्याहूनही कमी उरते. म्हणजे तो पट्टा मऊ आहे आणि कोंडलेलाही. मग तो लांबीत वाढण्याऐवजी स्वतःतच दबतो, थोडा जाड होतो. आता गार होताना तो आकसतो, पण दबल्यामुळे त्याची लांबी आधीच कमी झालेली असते. गार होता होता त्याची ताकदही परत येते, आणि तो शेजारच्या लोखंडाला जीव खाऊन ओढतो.

ही ओढ किती असते याचा हिशोब सोपा आहे, आणि एकदा केला की विसरत नाही. साधं लोखंड दर मीटरला, दर १०० अंशांना सुमारे १.२ मिमी वाढतं. ते दोन्ही टोकांना घट्ट धरलं आणि वाढूच दिलं नाही, तर दर अंशाला दर चौरस मिलिमीटरवर साधारण पाव किलो ताण तयार होतो. आपण गेटाला वापरतो ते लोखंड दर चौरस मिलिमीटरला २५ किलोच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे पूर्ण जखडलेल्या लोखंडाला नुसता १०० अंशांचा फरक पुरतो. वेल्डिंगमध्ये तर फरक हजाराच्या वर असतो. म्हणून वेल्डच्या रेषेत, थंड झाल्यावर, कुणी वजन ठेवलेलं नसतानाही, लोखंडाला सोसेल तेवढी जवळजवळ सगळी ओढ भरून राहिलेली असते.

माझ्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी एक पट्टी देतो. ४० बाय ५ ची, दोन फूट लांब. म्हणतो, हिच्या एकाच काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग बीड, म्हणजे वेल्डची रेघ, मार आणि बघत बस. वेल्डिंग चालू असताना पट्टी एका बाजूला वाकते, तापलेला काठ फुगीर होतो. रॉड थांबला की ती सरळ व्हायला लागते. पोरगा खूश होतो, की आली जाग्यावर. पण ती थांबत नाही. सरळ रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते आणि पूर्ण गार होईपर्यंत बीडच्या बाजूने आत वाकून धनुष्यासारखी होते. हे दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. दहा रुपयांच्या भंगारात शिकता येईल अशी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही. तुम्ही कारागीर नसलात तरी एकदा बघा.

तुमच्या गेटात ती पट्टी म्हणजे चौकटीची पुढची बाजू. पत्रा बहुतेक सलग वेल्ड केलाय आणि तोही फक्त पुढून. पुढची बाजू आखूड झाली, मागची तशीच राहिली, म्हणून गेट मधोमध मागे गेलं आणि टोकं पुढे आली. पत्र्याचं पोटही तिथलंच. चारही कडा आकसल्या, मधला पत्रा मात्र पूर्वीएवढाच राहिला. त्याला जागा पुरेना. पातळ पत्रा दाब सोसत नाही, फुगून मोकळा होतो.

वेल्डरने करायला हवं होतं ते असं. आधी चारी कोपऱ्यांना टॅक, म्हणजे तात्पुरता छोटा टाका, कर्ण मोजून घ्यायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. पत्र्याला सलग बीड नाहीच, दर सहा इंचांवर इंचभर टाका पुरतो. तोही एका टोकाकडून दुसरीकडे ओळीने नाही, मधून सुरू करून दोन्हीकडे उड्या मारत. मी तर पत्र्याच्या कामाला दोन चौकटी पाठीला पाठ लावून क्लॅम्प करतो आणि एक टाका इकडे, एक तिकडे देतो. दोघींची ओढ एकमेकींना सांभाळते. जाड कामात बीड गरजेपेक्षा मोठी मारू नये. ६ मिमीच्या जागी ८ मिमीची मारली तर भरलेलं लोखंड पावणेदोन पटीहून जास्त होतं, आणि ओढही त्याच हिशोबाने वाढते. जाड बीड दिसायला मजबूत दिसते, गिऱ्हाइकालाही आवडते, पण बऱ्याचदा तिनेच जॉब ओढलेला असतो.

एक मात्र समजून घ्या. क्लॅम्प लावून घट्ट धरलं म्हणजे ओढ गेली असं होत नाही. जॉब वाकला तर ओढीचा काही भाग वाकण्यात खर्च होतो. वाकू दिला नाही तर ती आतच राहते. गेटाला आत राहिली तरी फारसं बिघडत नाही. दाबाची टाकी किंवा मशीनचा बेड असेल तर बिघडतं, म्हणून तसे जॉब भट्टीत ६०० ते ६५० अंशांवर, दर २५ मिमी जाडीला एक तास या हिशोबाने ठेवून हळूहळू गार करतात. तिथे लोखंड इतकं मऊ होतं की आतली ओढ धरून ठेवायची ताकदच त्यात उरत नाही.

तुमचं गेट भट्टीशिवाय सरळ होईल. ज्या कारणाने वाकलं त्याच कारणाने. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पाईपला मागच्या, म्हणजे फुगीर बाजूने गॅसने ठिपके द्यायचे. एक ठिपका रुपयाएवढा, मंद लाल होईपर्यंतच. हे सावलीत करा, उन्हात तो लाल रंग कळत नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो. मधून सुरुवात करा, दोन-तीन ठिपके झाले की हात लावता येईल एवढं गार होऊ द्या, दोरी लावून बघा, मग पुढचे. घाई केली की गेट उलट्या बाजूला जातं.

आता दुपारचं घासणं. उन्हाळ्यात गेट वाढतं म्हणून अडकतं असं सगळे म्हणतात. करून बघा हिशोब. तीन मीटर गेट, ४० अंशांचा फरक, वाढ दीड मिमीसुद्धा नाही. त्याने काही घासत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. पुढचा पत्रा उन्हात तापतो, मागची बाजू सावलीत. पुढच्या आणि मागच्या बाजूत २० अंशांचा जरी फरक पडला तरी दोन इंच जाडीच्या, तीन मीटर लांब गेटाला मधोमध सुमारे ५ मिमीचा बाक येतो, उन्हाच्या बाजूला फुगीर. गाईड रोलरला दोन्हीकडे तीन-तीन मिमी जास्त जागा द्या आणि पुढून फिका रंग मारा. काळ्या रंगाचं गेट पश्चिमेला तोंड करून असेल तर हा त्रास हमखास.

वाकायला वाव नसेल तर हीच उष्णता काय करते ते रेल्वेच्या रुळांत दिसतं. आताचे लांब वेल्ड केलेले रूळ सांध्यांत फट न सोडता टाकतात, ते स्लीपर आणि खडीने धरलेले असतात. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचं छेदक्षेत्र ७७ चौरस सेंटिमीटरच्या जवळ. वरचाच पाव किलोचा हिशोब लावला तर दर अंशाला जवळपास दोन टन दाब. ज्या तापमानाला रूळ ताणमुक्त बसवला त्यापेक्षा तो ३० अंश जास्त तापला की ५० टनांहून जास्त. खडी कुठे ढिली असेल तर तो रूळ बाजूला सापासारखा वळतो. भर उन्हाळ्यात दुपारी रुळांवरून चालत गस्त घालणारी माणसं दिसतात ती त्यासाठी.

शेवटी शाफ्ट, कारण तिथे धोका आहे.

चरकाचा शाफ्ट बहुतेक ईएन ८ या जातीच्या पोलादाचा असतो. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, गेटाच्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त. असं पोलाद वेल्डनंतर झटकन गार झालं की बीडच्या शेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो. जाड शाफ्ट उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे गार व्हायला वेळ लागतच नाही. त्यात रॉड दमट असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि हळूहळू त्या कडक पट्ट्यात जमतो. आणि ओढ तर वेल्डमध्ये भरलेली असतेच. कडकपणा, हायड्रोजन आणि ओढ, तिन्ही एकत्र आले की बाहेरून काहीच वजन लागत नाही. तडा लगेच जात नाही, कारण हायड्रोजनला जमायला वेळ लागतो. काही तास, कधी दोन दिवस.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका गुऱ्हाळाचा शाफ्ट असाच रात्रीत जोडून दिला. गाळप अडलं होतं, मालक समोर उभा, मी गेटाला वापरतो तोच ६०१३ चा रॉड घेतला. स्लॅग, म्हणजे वरचं कवच, काढल्यावर बीड अशी सुरेख दिसत होती की मी हात फिरवून बघितला. सकाळी बीडच्या कडेला केसाएवढी रेघ होती. नखाला लागत होती. तो शाफ्ट चालू चरकात तुटला असता तर ऊस घालणाऱ्या माणसाचा हात तिथे असतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

असंच पूर्ण जहाज तुटलेलं आहे. अमेरिकेत पोर्टलँडला १६ जानेवारी १९४३ ला शेनेक्टडी नावाचं नवंकोरं वेल्डेड टँकर जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभं असताना मधोमध फुटलं. थंडी होती. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. रिव्हेटच्या जहाजात तडा एका प्लेटच्या कडेला येऊन थांबला असता. वेल्ड केलेल्या सलग अंगात त्याला थांबायला जागा नव्हती.

तुमचा शाफ्ट वरून नुसती बीड मारून दुरुस्त करू नका. तडा ग्राइंडरने मुळापर्यंत काढा. शाफ्ट बर्नरने २०० ते २५० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवा, वेल्डिंग संपेपर्यंत त्याखाली उतरू देऊ नका. रॉड ७०१८, म्हणजे कमी हायड्रोजनचा, ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर भाजलेला आणि गरमच वापरलेला. झालं की लगेच कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा, रात्रभर हात लावू नका. मग ४८ तास थांबून तडा दाखवणारा लाल डाय मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट चरकात बसवू नका, नवा करून घ्या.