काळा पडदा आणि दुकानदाराचं निदान

कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापासून, सगळं सोर्स कोडमधून स्वतः बांधायचं, म्हणजे 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'. टर्मिनलपर्यंत बहुतेक जण पोचतात आणि एक्सॉर्गपाशी (थोडक्यात एक्स, पडद्यावर चित्रं आणि विंडो दाखवणारा प्रोग्रॅम) अडतात. पत्रं वेगवेगळी, घोळ तोच. म्हणून एकत्र उत्तरं.

प्रश्न: एक्स सुरू करायची 'स्टार्टएक्स' कमांड दिली की 'नो स्क्रीन्स फाउंड' येतं. मॉनिटर बदलू का?

नको. एक्सला चालवता येईल असं ग्राफिक्स डिव्हाइसच मिळालेलं नाही, मॉनिटरचा संबंध नाही. एक्सॉर्गच्या लॉगमध्ये कंसात 'ईई' असलेली पहिली ओळ शोधा. शेवटची नव्हे, पहिली. अर्थ लागला नाही तर अख्खा लॉग जाणकाराला दाखवा, मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो नव्हे.

प्रश्न: पडदा आला, पण माउस आणि कीबोर्ड ढिम्म.

माउस-कीबोर्ड हाताळणारा एक्सचा लिबइनपुट ड्रायव्हर बांधायचा राहिलाय, किंवा त्यांच्या हालचाली वर पोचवणारा कर्नलमधला भाग, इव्हडेव्ह, बंद आहे.

प्रश्न: मित्राने त्याची चालणारी 'एक्सॉर्ग.कॉन्फ' ही एक्सच्या सेटिंगची फाइल पाठवलीय. वापरू?

नको. ती त्याच्या मशीनची आहे. आजचा एक्स बहुतेक मशीनवर त्या फाइलशिवाय चालतो.

प्रश्न: एएमडीचं कार्ड आहे. ग्रब (सुरुवातीचा बूट मेन्यू) दिसतं, कर्नलच्या चार ओळी सरकतात आणि पडदा काळा. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घ्या. सगळी सिस्टिम पुन्हा बांधली, तरी तेच.

ज्या कार्डावर बायोस आणि ग्रब स्वच्छ दिसतं, ते 'गेलं' हे न तपासता सांगणाऱ्याला कार्ड विकायचं आहे. कार्ड क्वचित बिघडतंही, पण तो संशय सगळ्यात शेवटी.

एएमडी कार्डाच्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरला फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डात भरायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, फाइली लागतात. त्या कर्नलच्या सोर्समध्ये नसतात, लिनक्स-फर्मवेअर नावाच्या संग्रहातून वेगळ्या आणून 'लिब/फर्मवेअर/एएमडीजीपीयू'मध्ये ठेवाव्या लागतात. तुम्ही ठेवल्याही असतील. पण मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या पर्यायांच्या यादीत, ड्रायव्हरपुढे 'एम' (वेगळं मॉड्यूल) ऐवजी चांदणी (कर्नलमध्येच) दिलीत, की तो कर्नलबरोबरच जागा होतो. तेव्हा रूट फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची तुमची सिस्टिम, माउंटच झालेली नसते, मग फाइल मिळणार कुठून? लॉगमध्ये 'फेल्ड विथ एरर -2' येतं. -2 म्हणजे फाइल सापडली नाही. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

पडदा काळा असला तरी मागे सिस्टिम बहुतेक वेळा चालू असते आणि लॉग लिहिला जातो. ग्रबमध्ये 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला गप्प बसवणारा पर्याय) देऊन आत शिरा आणि 'व्हार/लॉग'मधला आधीच्या बूटचा कर्नल लॉग वाचा. -2 दिसला तर ड्रायव्हर 'एम' करा, किंवा हव्या त्या फाइलींची नावं 'एक्स्ट्रा फर्मवेअर'मध्ये देऊन त्या कर्नलमध्येच बसवा. फक्त कर्नल पुन्हा बांधायचा, सगळी सिस्टिम नव्हे! जुना कर्नल ग्रबमधून काढू नका. तरीही अंधार राहिला, तर कार्डाचं मॉडेल, कर्नलची कॉन्फिग फाइल आणि लॉग घेऊन माहितगाराकडे जा. आणि हे महिनाभर गुगलल्यावर नाही, आधी.

प्रश्न: डेस्कटॉप चालतो, पण विंडो सरकवली की पंखा बोंबलतो. ग्राफिक्सची माहिती देणारी 'जीएलएक्सइन्फो' कमांड म्हणते 'एलएलव्हीएमपाइप'. कुणीतरी ग्राफिक्स कार्डाच्या 'डेव्ह/डीआरआय' फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, द्यायला सांगितलं.

त्या कुणीतरीचं ऐकू नका. एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि चित्रं प्रोसेसर काढतोय. 'डेव्ह/डीआरआय'मध्ये काही आहे का बघा. नसेल तर दोष कर्नलचा. असेल तर तुमचा युजर 'व्हिडिओ' ग्रुपात आहे का तपासा, ग्रुपात घातल्यावर लॉगआउट करून परत या. तेही ठीक असेल, तर मेसा (कार्डाकडून चित्रं काढून घेणारी लायब्ररी) बांधताना तिच्या गॅलियम ड्रायव्हरच्या यादीत तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर राहून गेलाय. कुठला हवा ते नक्की माहीत नसेल तर विचारून घ्या, मग मेसाला हात लावा.