शुक्रजंतू कशात पोहतात, तेही पाहा

मूल होत नसलं की सगळे काउंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या विचारतात. शुक्रजंतू ज्या द्रवातून वाट काढतात त्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. या वेळी बडोद्याच्या वाचकांनी नेमकं तेच विचारलं, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

रिपोर्टमध्ये काउंट चांगला आहे, पण 'व्हिस्कॉसिटी (दाटपणा) वाढलेली' आणि हालचाल कमी असं लिहिलंय. सॅम्पल मांजलपूरच्या घरून स्कूटरच्या डिकीत ठेवून लॅबमध्ये नेलं होतं. दोष माझ्यात आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. वीर्य बाहेर पडताच साकळतं, कारण शुक्राशय या ग्रंथीतून आलेल्या सेमिनोजेलिन या प्रथिनाचं त्यात जाळं तयार होतं. मग प्रोस्टेट ग्रंथीतलं पीएसए हे एन्झाइम ते जाळं तोडतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत वीर्य पातळ होतं. (उतारवयात पुरुषांच्या रक्तात तपासतात तेच हे पीएसए.) ६० मिनिटांनंतरही गुठळी राहिली तर ते नोंदवावं लागतं. पातळ झाल्यावर लॅबमध्ये आम्ही पिपेटमधून (बारीक नळीतून) वीर्य सोडून पाहतो. सुटे थेंब पडले तर ठीक. २ सेंटिमीटरहून लांब तार धरली तर व्हिस्कॉसिटी वाढलेली. अशा सॅम्पलमध्ये कधी कधी शेपट्या जोरात वळवळताना दिसतात, पण शुक्रजंतू जागचे हलत नाहीत. म्हणजे दोष शुक्रजंतूंचाच असतो असं नाही. प्रोस्टेट किंवा शुक्राशयाला सूज असेल, जंतुसंसर्ग असेल, तरी असं होतं. रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूपेशी) किती आहेत, हे डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि डिकी! बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तापलेल्या डिकीत त्याहून जास्त. सॅम्पल २० ते ३७ अंशांत राहायला हवं. त्याहून थंड झालं तर शुक्रजंतू मंदावतात, जास्त तापलं तर मरतात. डबी शर्टाच्या आत, अंगाजवळ ठेवा आणि तासाच्या आत पोचवा. शक्य तर सॅम्पल लॅबमध्येच द्या. एका रिपोर्टवर निकाल लावून घेऊ नका, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा.

भरपूर पाणी प्यायलं तर वीर्य पातळ होऊन हालचाल वाढते का?

नाही. हा दाटपणा ग्रंथींच्या स्रावांवर ठरतो. पाणी तहानेपुरतं प्या.

महिन्याच्या मधल्या दिवसांत मला बुळबुळीत, पारदर्शक स्राव जातो. सासूबाई म्हणतात, अंगावर जातं म्हणूनच दिवस राहत नाहीत. खरं आहे का?

अजिबात नाही, उलट हे चांगलं लक्षण आहे. बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि गर्भाशयमुखाच्या स्रावात पाण्याचा अंश वाढतो. दोन बोटांत धरून ताणला तर तो न तुटता काही सेंटिमीटर लांबतो. शुक्रजंतू त्यातूनच वर चढतात. योनीमार्गाचा पीएच एरवी ३.८ ते ४.५, म्हणजे आम्ल असतो आणि त्यात ते फार टिकत नाहीत. या स्रावात टिकतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे तोच स्राव दाट होतो आणि वाट बंद होते. खाज, दुर्गंध किंवा दह्यासारखा पांढरा स्राव असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या. या गैरसमजापायी किती सुनांनी बोलणी खाल्ली असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

मी झूलॉजी शिकते. द्रव दाट झाला की शुक्रजंतू नुसता मंद होतो, की पोहण्याची तऱ्हाही बदलते?

तऱ्हाच बदलते. शुक्रजंतू जेमतेम ०.०५ मिलिमीटर लांब. त्याला साधं पाणीही आपल्याला काकवी वाटेल तसं. शेपूट थांबली की तो तिथेच थांबतो, पुढे घरंगळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की अशा जगात नुसती मागे-पुढे उघडझाप करून कुणी पुढे जात नाही. म्हणून शेपटीतून डोक्याकडून टोकाकडे लाट जावी लागते. द्रव दाट झाला की ही लाट आखूड होते, ठोके मंदावतात. पण डोकंही कमी डुलतं आणि मार्ग सरळ होतो. याहून नवलाची गोष्ट अशी, की बीजाजवळ पोचताना शुक्रजंतू शेपूट जोरात फटकारू लागतो. पातळ द्रवात तो त्यामुळे जागीच गरगरतो, दाट द्रवात मात्र पुढे घुसतो. पातळ द्रवाच्या स्लाइडवर पाहून सगळं कळत नाही, ते यामुळेच.

मूल हवं असताना थुंकी किंवा जेल वापरलं तर चालतं का?

थुंकी टाळा. तिच्यात क्षार कमी असल्याने शुक्रजंतूत पाणी शिरतं, शेपटी वेटोळं घेते आणि हालचाल मंदावते. बाजारातली बरीच जेल्स उलट जास्त संहत असतात, म्हणजे त्यांत विरघळलेले पदार्थ जास्त असतात, तीही शुक्रजंतूंना मानवत नाहीत. गरज असेल तर गर्भधारणेसाठी चालणारं खास जेल मिळतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.