स्पॅनिश भाषकांना ‘गेट’ शिकवताना
स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवण्यास आपण नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून सुचवतो की ‘गेट’ या क्रियापदाच्या अर्थांची यादी पाठ करून घेऊ नये; त्याच्यापुढे काय येते, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळवावे. पुढे नाम आले तर स्पॅनिशमध्ये बहुधा ‘रेसिबिर’ (मिळणे) किंवा ‘कोन्सेगिर’ (मिळवणे), आणि ‘टू’सह ठिकाण आले तर ‘येगार’ (पोहोचणे). खरी अडचण विशेषणापाशी येते, कारण ‘गेट टायर्ड’, ‘गेट मॅरिड’ यांतील स्थितिबदल स्पॅनिशमध्ये ‘कान्सार्से’ (थकणे), ‘कासार्से’ (लग्न करणे) अशा एकाच आत्मवाचक, म्हणजे क्रिया कर्त्याकडेच वळवणाऱ्या, क्रियापदात सामावतो, आणि त्या सवयीने इंग्रजीतही ‘मायसेल्फ’ जोडण्याचा मोह होतो. येथे घाई करू नये. माझ्या मते सर्वाधिक सराव याच रचनेचा हवा. ब्रिटिश बोलण्यातील ‘हॅव गॉट’ म्हणजे ‘तेनेर’ (जवळ असणे) आणि ‘हॅव गॉट टू’ म्हणजे ‘तेनेर के’ (करावे लागणे), एवढे सांगणे आरंभी पुरेसे आहे.