"आता कुठल्या तोंडाने नारदाच्या गादीवर उभं राहू?"

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. ज्या गोष्टीसाठी लोक मला मानतात तिच्याशीच मी गद्दारी केली, आता सगळं सोडून द्यावं का, की काही झालंच नाही असं दाखवत चालू ठेवावं? चर्चमधले पंच विचारतात, व्यसनमुक्तीचं काम करणारे विचारतात, एकदा तर एका मशिदीच्या ट्रस्टींनी विचारलं होतं. आज एका कीर्तनकार महाराजांबद्दल लिहिते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

महाराज मराठवाड्यातले, शिक्षण आळंदीचं, म्हणजे जोग महाराजांनी 1917 साली काढलेली ती वारकरी शिक्षण संस्था, तिथून शिकून आलेल्या माणसाचा गावात शब्दच वेगळा असतो. त्यांच्या हातून कितीतरी लोकांनी माळ घातली, दारू-मटण सोडलं. माझ्याकडे त्यांना पाठवलं घशाच्या डॉक्टरांनी. हरिपाठाला आवाज खणखणीत, फोनवर बोलतानाही काही नाही, पण कीर्तनात निरूपणाला लागले की घसा धरायचा, शब्द अर्ध्यात तुटायचा. दुर्बिणीतून बघितलं तर घसा चांगला. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, महाराज म्हणाले मला कसलं टेन्शन, पांडुरंग आहे.

पहिले एक-दोन सेशन असेच गेले, ते मलाच ज्ञानेश्वरी समजावून सांगत होते (छान सांगतात हो, मी पण ऐकत बसले). मग मी त्यांची डायरी मागितली. कीर्तनकारांकडे तारखांची डायरी असते, कुठल्या गावचा सप्ताह, कितवा दिवस, आणि हे महाराज सेवेला घेतलेला अभंग आणि त्यात काय काय दृष्टांत दिले तेही बारीक अक्षरात लिहून ठेवायचे, पुढच्या वर्षी त्याच गावात तेच नको म्हणून. आम्ही दोघांनी पानं उलटत आणली. आधी जवळजवळ प्रत्येक पानावर "दारू" असं लिहून खाली रेघ. मग एका उन्हाळ्यापासून ती रेघ गायब. आणि थोड्या महिन्यांनी आणखी एक गोष्ट गायब, शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत पाठवला ती कथा, जी म्हणे त्यांची हातखंडा होती, लोक डोळे पुसायचे.

मी काही बोलले नाही, त्यांनीच डायरी मिटली. "ताई माऊली, त्या उन्हाळ्यात आमच्या मोठीचं लग्न होतं."

लग्नात मंडपाचं आणि आचाऱ्याचं बिल भागातल्या एका पुढाऱ्याने परस्पर भागवलं. महाराजांनी मागितलं नव्हतं. पुढाऱ्याचे दोन परमिट रूम, एक बिअर शॉपी. नंतर त्याने सप्ताहाचा सगळा खर्च उचलायला सुरुवात केली, पुढच्या रांगेत बसायचा, आणि दारूवर बोलू नका असं तो कधी एका शब्दानेही म्हणाला नाही. इथेच सगळी गोम आहे.

1959 साली अमेरिकेत फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या दोघांनी कॉलेजच्या मुलांना तासभर अगदी रटाळ काम दिलं, खुंट्या फिरवत बसण्यासारखं, आणि मग पुढच्याला "काम मजेशीर आहे" असं खोटं सांगायला लावलं, काहींना त्याचे 20 डॉलर दिले आणि काहींना फक्त 1. नंतर विचारलं तर 1 डॉलरवाल्यांना ते काम खरोखरच बरं वाटायला लागलं होतं! 20 वाल्यांना निदान माहीत होतं की आपण पैशासाठी खोटं बोललो. महाराजांना कुणी धमकावलं असतं तर ते त्याला ओरडून नडले असते, पण इथे सांगायला कारणच नव्हतं, म्हणून मनाने कारण तयार केलं, की "सारखं दारू दारू काय करायचं, लोक कंटाळतात, कीर्तन भक्तीचं असावं". ऐकायला किती सात्त्विक! आणि ते स्वतः हे मनापासून मानायला लागले होते. मनाने मानलं, घशाने मानलं नाही.

साध्या माणसाने अशी अ‍ॅडजस्टमेंट केली तर फार तर घरातल्या चौघांना भोगावं लागतं. पण महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभी राहणारी पोरं त्यांचं ऐकूनच कीर्तन शिकत होती, त्यांना दारूवरचं निरूपण माहीतच नाही, त्यांच्यासाठी कीर्तन म्हणजे जे महाराज बोलतात तेवढंच. आणि त्यांच्या हातून माळ घातलेला एकजण परत प्यायला लागला, महाराज समजवायला गेले तर म्हणाला, "आता तुम्ही पण त्याच्यावर बोलत नाही, म्हटलं चालत असंल." त्यानंतरच आवाज गेला होता. मला हे चौथ्या-पाचव्या भेटीत कळलं.

अशा वेळी "जाऊ द्या, सगळेच करतात" असं मी म्हणत नाही. ही टोचणी आजार नाहीये, ती गोळीने घालवायची नसते. पण "मी पहिल्यापासून ढोंगीच" हेही खरं नाही, ज्यांची दारू सुटली त्यांची खरंच सुटली. मात्र झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर आधी सायकियाट्रिस्ट, रात्री-अपरात्री 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मग बाकीचं. महाराजांना मी पहिल्या दिवशीच हे स्पष्ट विचारलं होतं.

त्यांना एकदम गादीवरून जाहीर कबुली द्यायची होती आणि कीर्तन कायमचं सोडायचं होतं. मी थांबवलं. हजार लोकांपुढे रडलं की मोबाईल निघतात, संध्याकाळी रील होते, आणि विषय परत महाराजांचाच होतो, त्या पिणाऱ्या माणसाचा राहतच नाही. आधी वहिनींना सांगा, मग टाळकरी पोरांना, मग त्या माणसाच्या घरी जा. वहिनी म्हणाल्या, "मला मंडपाच्या दिवशीच कळलं होतं, तुम्ही विचारायची वाट बघत होते."

पुढाऱ्याचे पैसे परत करायचे म्हणून मंडपवाल्याकडून बिलाचा आकडा काढायलाच महिना गेला, तो घाबरत होता. पुढारी हसला, लेकीच्या लग्नाचं कुणी परत करतं का म्हणाला, पण हप्ते घेतो. पुढच्या वर्षीच्या काल्याच्या कीर्तनाला दुसरे महाराज आले, आसपासच्या गावांच्या तारखाही गेल्या. घरात चणचण आहे, हे मी लपवणार नाही. महाराजांनी काही महिने मोठ्या तारखा घेतल्याच नाहीत, गावच्या मंदिरात छोटं कीर्तन केलं, तिथे दारूचा विषय परत काढला. घसा अजून कधी कधी धरतो, स्पीच थेरपी पण सुरू आहे.

तो माणूस अजून पितोच. आणि टाळकऱ्यांतला सगळ्यात हुशार पोरगा महाराजांना सोडून गेला, त्याचं म्हणणं महाराजांनी उगाच वाढवलं, त्याच्याही तारखा बुडाल्या. तो आता त्या दुसऱ्या महाराजांकडे असतो, हे त्यांना पैशापेक्षा जास्त लागलंय, सध्या आमचं बोलणं त्याच्यावरच चाललंय.