हॉलिवूडच्या सिड शरीस यांना नर्तकी म्हणावे की अभिनेत्री?

माझ्या मते त्या आधी नर्तकी होत्या, आणि त्यांचा अभिनय त्या नृत्यातूनच उमलला. टेक्सासमधील अमरिलो येथे जन्मलेल्या शरीस यांना लहानपणी पोलिओ झाला होता. अशक्त झालेल्या शरीराला बळ यावे म्हणून सुरू झालेले बॅलेचे शिक्षण त्यांना किशोरवयातच 'बॅले रूस' या नामवंत पथकापर्यंत घेऊन गेले. पुढे एमजीएम या चित्रपट स्टुडिओने त्यांना करारबद्ध केले, तरी खरी ओळख मिळाली ती 1952 च्या 'सिंगिंग इन द रेन' या संगीतपटामुळे. त्यात हिरव्या पोशाखातील शरीस आपला लांबसडक पाय उचलतात, पावलावर चित्रपटाचे नायक जीन केली यांची टोपी असते, आणि एकही संवाद न बोलता त्या साऱ्या प्रसंगाचा ताबा घेतात. 1953 च्या 'द बँड वॅगन'मध्ये नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांच्यासोबत उद्यानात नुसते चालता चालता नृत्य कधी सुरू होते ते कळतही नाही, आणि दोघांमधला अवघडलेपणा शब्दांविना विरघळतो. हा अभिनय नव्हे तर काय? त्यांची गाणी बहुधा इतर गायिकांच्या आवाजात असत. 1957 च्या 'सिल्क स्टॉकिंग्ज'नंतर मात्र संगीतपटांचाच काळ ओसरला आणि त्यांच्या तोलाच्या भूमिका दुर्मीळ झाल्या.