उत्सर्जनाला १.६ ने गुणण्याआधी घड्याळ बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. हवेच्या संगणकी मॉडेलमध्ये जानेवारीतल्या दिल्लीचं पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) सकाळी मोजलेल्याच्या निम्म्यावर येतंय, मध्यरात्री मात्र उसळतंय. गाइड म्हणतात, "इन्व्हेंटरीच (कुठून किती धूर निघतो त्याची नोंदच) कमी आहे, गुणून टाक." आणि अमेरिकेतली दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) सहा महिने वाढवून मिळतेय म्हणून तुम्ही खूश आहात. हे सगळं माझं झालंय, अगदी याच क्रमाने.

डब्ल्यूआरएफ-केम हे आपलं मॉडेल कसं बसवायचं, युनिट्स कशी बदलायची वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. माझं घोडं पेंड खात होतं ते तासांच्या वाटपात. एडगर या जागतिक इन्व्हेंटरीतून घेतलेलं महिन्याचं उत्सर्जन दिवसाच्या २४ तासांत वाटायचं होतं: सकाळी आठ ते दहा वाहनं जास्त, दुपारी कमी, संध्याकाळी सातला पुन्हा चढ. लॅबमधली जुनी स्क्रिप्ट होती, ती चालवली. तिच्यातल्या तासांच्या तक्त्यातला ९ म्हणजे सकाळचे नऊ. मॉडेलचा ९ म्हणजे ९ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे), आपले दुपारचे अडीच! कामाला निघालेली अख्खी दिल्ली मी भर दुपारी रस्त्यावर आणली. तेव्हा हवेचा मिसळथर (जमिनीलगतचा, धूर ज्यात मिसळतो तो थर) चांगला वर गेलेला असतो, धूर विरून जातो. आणि संध्याकाळची सातची गर्दी जाऊन पडली रात्री साडेबाराला, थर जमिनीला चिकटलेला असताना.

संशय का आला नाही? कारण "वेळेचं मी केलंय" ही खात्री. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्टेशनांचे आकडे भारतीय वेळेत असतात, ते मी साडेपाच तास सरकवून यूटीसीत नीट आणले होते. तुलना बरोबर होती, मॉडेलला खायला घातलेलंच चुकीचं होतं.

मग मीही १.६ ने गुणलं. सकाळ जुळली, मध्यरात्र आभाळाला भिडली. त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार: दिल्लीत जड ट्रकना रात्रीच मोकळीक असते, म्हणून हा उभार. दोन परिच्छेद लिहिले, गाइडना जाम आवडले. चूक सापडली नाही याचं मला तितकं वाईट वाटत नाही, पण चुकीला इतकं सुंदर कारण शोधलं याची आजही लाज वाटते.

सात महिन्यांनी एका नव्या पीएचडीच्या मुलीने माझ्या स्क्रीनवरचा आलेख बघून सहज विचारलं, "तुमच्याकडे ऑफिसं दुपारी अडीचला भरतात का?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुरुस्तीनंतर गुणक काढून टाकला. सकाळचा खड्डा बराचसा भरला, सगळा नाही. उरलेला खरोखरच इन्व्हेंटरीचा असू शकतो. रस्त्याकडेला जाळलेला कचरा, थंडीतल्या शेकोट्या या गोष्टी जागतिक इन्व्हेंटरीत नीट उतरत नाहीत. पण हे बोलण्याचा हक्क घड्याळ तपासल्यावरच. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षात पोस्टडॉकला उत्सर्जन गुणायची परवानगीच देऊ नये. (तुमचा सेटअप वेगळा असेल, तुमचं कारणही वेगळं असू शकतं, हे आहेच.) आपला तो अर्धा तासही त्रास देतो. माझ्या फाइली तासातासाच्या होत्या, म्हणून मी शेजारच्या दोन तासांची सरासरी घेतली.

थराची उंची पडताळायला दिल्लीतून हवामान खातं सोडतं त्या मोजणीच्या बलूनचे आकडे वापरा. ते ०० आणि १२ यूटीसीचे, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचचे. दुपारचं त्यातून कळत नाही, पण पहाटेचा थर मॉडेल कुठे ठेवतंय ते लगेच दिसतं.

आता तुमच्या मुदतवाढीचे ते सहा महिने. गेलेले सात महिने भरून काढायला मीही मुदतवाढ घेतली, चारच महिन्यांची. जे-१ व्हिसावर होतो, फॉर्म ८२३३ (करारातली सवलत मागायचा अमेरिकी कर-फॉर्म) भरून भारत-अमेरिका करारातली संशोधकांची करसवलत घेत होतो. त्या करारात अशी मेख आहे की मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर सवलत फक्त पुढची नाही, पहिल्या दिवसापासूनची जाते. आमच्या संस्थेतल्या परदेशी संशोधकांच्या कचेरीने मुदतवाढीचा कागद हसत हसत हातात ठेवला, याबद्दल चकार शब्द नाही. नंतर विचारलं तर, "आम्ही कराबाबत सल्ला देत नाही." अरे, सल्ला नका देऊ, पण असं काही असतं एवढं तरी सांगाल! दोन वर्षांचा कर व्याजासकट भरला. पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

मी कर सल्लागार नाही, नियम बदलतात, तुमच्या व्हिसाचं आणि पगाराचं गणित वेगळं असेल. पण सही करण्याआधी परदेशी संशोधकांचे रिटर्न भरणाऱ्या एखाद्या सीपीएला (अमेरिकेतला सीए) पैसे देऊन विचारा. कचेरीतल्या बाईंना नको.

आणि आज रात्रीच दिल्लीतल्या एका ग्रिड सेलचं (मॉडेलच्या नकाशातल्या एका चौकोनाचं) फक्त उत्सर्जन घ्या, २४ तासांचं, भारतीय वेळेत, गुणकाशिवाय. तो आलेख इथे टाका. तुमचा मध्यरात्रीचा उभार बरोबर साडेबाराला असेल, तर तुमची स्क्रिप्ट कुठल्या लॅबमधून आली तेही सांगा.