फार्मसीच्या राष्ट्रीय स्पर्धेत पेशंट काउन्सेलिंगची फेरी आहे, तयारी कशी करू? (बी.फार्म तिसरं वर्ष, नेरूळ)

पाठांतर तुझं होईलच, गुण जातात ते बोलण्यात. औषध समजावण्याआधी पेशंटला विचार: कशाची ॲलर्जी आहे का, आणखी कुठली औषधं चालू आहेत? मग, समजा दाबायचा इनहेलर (दम्याचा पंप) दिला असेल, तर तो हातात घेऊन दाखव. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना हळूहळू आत ओढायचा, १० सेकंद रोखायचा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं. हे बरेच जण विसरतात. शेवटी पेशंटलाच करून दाखवायला लाव.

सरावासाठी सुट्टीत नेरूळ-वाशीतल्या ओळखीच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्टशेजारी तासभर उभी राहा. खरे प्रश्न तिथेच कळतात. 'उपाशीपोटी म्हणजे चहा चालेल ना?' थायरॉइडच्या गोळीला हा हमखास येतो. उत्तर: नाही, गोळी नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.